बाईची बाजू

माणसाला स्वतःच्या हातानं स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत.

०

मालिकेच्या शीर्षकगीतात लेखकाचं नाव जितका वेळ दिसतं, त्याहून केसांच्या तेलाची बाटली जास्त वेळ दिसते.

०

तूरडाळ जुनी असली की शिजायला वेळ घेते.

०

'जादा किल्ली' या चित्रपटाच्या शेवटच्या प्रसंगाला बायका रडत नव्हत्या. पुरुष उठून बाहेर जात होते. फोन आल्यासारखा खिशावर हात ठेवून, कमरेत वाकून, रांगेतल्या लोकांचे पाय चुकवत. एका चित्रपटगृहाच्या मॅनेजरनं म्हणे चौकशीही केली, आवाज नीट येत नाही का म्हणून.

०

घोडबंदर रोडच्या सिग्नलला दिवा हिरवा झाला तरी एक राखाडी गाडी हलली नाही. समोर त्याच चित्रपटाचं पोस्टर होतं. बाईचा नुसता हात, हातात किल्ली आणि खाली बारीक अक्षरांत : 'कथा, पटकथा, संवाद – केतकी सोनटक्के. दिग्दर्शन – ओजस घाटपांडे.' मागच्या टेम्पोवाल्यानं उतरून काचेवर टकटक केली.

"साहेब, झोप लागली का?"

०

झोप लागली नव्हती. गाडीत उन्मेष हिरेमठ बसला होता आणि ती दोन नावं एकमेकांच्या किती जवळ छापली आहेत ते बघत होता.

नऊ वर्षं केतकीच्या नावाशेजारी त्याचं नाव असायचं. 'पटकथा-संवाद : उन्मेष-केतकी.' आडनावं नाहीत, नुसती मधे एक आडवी रेघ. चॅनलची माणसं फोनवर "उन्मेषकेतकी आहेत का?" असं एका दमात विचारायची. 'थोरल्या घरची' ही त्यांची मालिका इतकी चालली की सोलापूरला त्याच्या आईला भाजीवालीही पुढच्या भागात काय होणार ते विचारायची, आणि आई काहीतरी ठोकून द्यायची.

मग दोन वर्षांपूर्वी एका सकाळी केतकी दोन बॅगा घेऊन दारात उभी राहिली. भांडण नव्हतं, आदळआपट नव्हती.

"का?" त्यानं विचारलं.

"तुला माहीत आहे," ती म्हणाली.

त्याला माहीत नव्हतं. निदान त्याची तशी समजूत होती. आणि माहीत नसलेली जागा रिकामी ठेवणं पटकथाकाराला जमत नाही. तिथं त्यानं एक माणूस बसवला. ओजस घाटपांडे, तीस-बत्तीस वर्षांचा, दाढी कोरलेला, पहिलाच चित्रपट. ओजस केतकीला ती घर सोडून गेल्यावर सहा महिन्यांनी भेटला असं सगळे सांगत. उन्मेषचा त्यावर विश्वास नव्हता. नंतरचा प्रसंग आधी दाखवणं त्याच्या धंद्यात फार अवघड नसतं.

०

त्या दोघांची लिहायची पद्धत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

ते लिहायचे नाहीत, खेळायचे. जेवणाच्या टेबलाच्या दोन बाजूंना दोघं बसायचे. मधे मोबाइल, ध्वनिमुद्रण चालू. प्रसंगात नवरा-बायको असतील तर उन्मेष बायको व्हायचा आणि केतकी नवरा. नियम केतकीनं काढला होता. "आपली बाजू आपल्याला येतेच," ती म्हणायची. "आपल्या बाजूनं बोलताना माणूस स्वतःला संत करून टाकतो. समोरच्याची बाजू घ्यायची." सुरुवातीला उन्मेषला लाज वाटायची. मग तो असा रमला की 'थोरल्या घरची'मधल्या सासू, नणंदा, जावा, सगळ्या त्याच्याच तोंडून जन्मल्या. पुरस्कार घेताना तो एकदा म्हणालाही होता, की माझ्या आत सात बायका राहतात आणि एकीचं दुसरीशी पटत नाही.

दुसरा नियम कुकरचा. गॅसवर वरण-भाताचा कुकर असायचा. तिसरी शिट्टी झाली की प्रसंग संपला. अर्ध्यावर असला तरी संपला. मालिकेतला प्रसंग लांबतो तो लेखकाला स्वतःचा आवाज आवडतो म्हणून, असं उन्मेषचं मत. त्यामुळे हा नियम त्याचा. तिसऱ्या शिट्टीला त्यानं उठायचं, गॅस बंद करायचा, मग जेवण.

जमलेले प्रसंग केतकी टाइप करायची. न जमलेले पुसून टाकायचे.

०

पोस्टर बघून आठवडा काढल्यावर तो एका मंगळवारी दुपारच्या खेळाला गेला. टोपी घालून. आता त्याला कोण ओळखणार होतं, तरी टोपी घालून.

चित्रपट बरा होता, आणि हेच त्याला सोसत नव्हतं. एक वकील, त्याची बायको, साधं घर. प्रसंग नेमक्या जागी तुटत होते. 'ही जागा मी सांगितली असती,' असं त्याला जिथं जिथं वाटलं, तिथं तिथं केतकीनं ते न सांगता केलेलं होतं. त्यानं तीन वेळा घड्याळ पाहिलं.

शेवटी बायको निघते. टेबलावर किल्ली ठेवते आणि बोलायला लागते.

"तू वाईट नाहीस रे. वाईट असतास तर मला राहता आलं असतं. भांडायला काहीतरी मिळालं असतं."

उन्मेषचे ओठ हलले. पुढचं वाक्य पडद्यावरच्या नटीच्या आधी त्याच्या तोंडात आलं.

"मी बोलायला लागले की तू माझं वाक्य पुरं करतोस. माझ्यापेक्षा चांगलं करतोस. म्हणून तर मला रागावताही येत नाही. पण इतक्या वर्षांत माझं एकही वाक्य माझ्या तोंडून पुरं झालेलं नाही."

नवरा गप्प. कॅमेरा त्याच्यावर थांबलेला. परीक्षकांनी या शांततेबद्दल रकानेच्या रकाने लिहिले होते, नव्या दिग्दर्शकाची समज वगैरे. फार वेळानं नवरा म्हणतो, "चल, जेवून घेऊ." अंधार.

शेजारचा माणूस खिशावर हात ठेवून उठला. उन्मेष हलला नाही. त्याला आठवलं. टेबल, दुपार, कुकर. बाई तो होता. हे न जमलेलं, पुसून टाकलेलं होतं. हे त्याचं होतं.

बाहेर येऊन त्यानं पायरीवर बसून ओजसची मुलाखत ऐकली. "तो सीन मला केतकीताईंनी गाडीत सांगितला," ओजस सांगत होता. "लोणावळ्याला चाललो होतो. मी गाडी बाजूला घेतली."

ताई. ताई म्हणण्यात काय काय मावतं हे उन्मेषला कुणी शिकवायला नको होतं. त्यानं स्वतः एका दिराला तीनशे भाग 'वहिनी' म्हणायला लावलं होतं.

०

खर्डा पहिला. गाडी. दिवस.
ओजस : ताई, शेवट जमत नाहीये.
केतकी : थांब. मला एक जुनं आठवतंय.
(यात केतकी चोर ठरत होती. पण ओजस सुटत होता. रद्द.)

खर्डा दुसरा. गाडी. दिवस.
ओजस : बाई का निघून जाते? तुम्हीच सांगा. तुम्हाला मी जा म्हटलं होतं, तेव्हा तुम्ही गेलात.
केतकी : (हसते.)
(इथं तो बराच वेळ अडला. ती कशी हसते ते लिहायला बसल्यावर त्याला येईना.)

खर्डा तिसरा. गाडी. संध्याकाळ. पाऊस.
ओजसचा हात गिअरवर. केतकीचा हात त्या हातावर.
(पाऊस काढला, स्वस्त वाटला. दोन दिवसांनी लक्षात आलं की आता गाड्यांना गिअर नसतो.)

चौथ्या खर्ड्याऐवजी त्यानं पटकथाकार मंडळाकडे दावा लावला आणि मूळठसा चाचणीची मागणी केली.

०

आता चाचणीबद्दल.

रोजच्या मालिकांचं लेखन तोवर बहुतेक यंत्रांकडे गेलं होतं. यंत्र सकाळी दहा भाग लिहायचं, चॅनल त्यातला एक उचलायचं. त्यामुळे माणसानं लिहिलेल्या संवादाला मानाची पाटी आली होती, आणि पाटी आली तिथं भांडणं आली. हे वाक्य यंत्राचं की माणसाचं, आणि माणसाचं तर कुठल्या माणसाचं? त्याचं उत्तर द्यायला डॉ. सलमा बागवान यांची मेंदूतल्या लहरी टिपणारी टोपी होती.

डॉक्टरीणबाई मिरजेच्या. प्रत्येक दाव्याच्या आधी त्या तेच भाषण करत आणि दर वेळी गुदगुल्यांपासून सुरू करत.

"स्वतःला गुदगुल्या का होत नाहीत? कारण हात हलवायचा हुकूम सोडतानाच मेंदू त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवतो. स्पर्श कुठं होणार हे आधीच कळलेलं असतं, म्हणून तो त्याकडे लक्ष देत नाही. बोलण्याचं तसंच. तुम्ही वाक्य रचता तेव्हा, अगदी मनातल्या मनात रचलंत तरी, त्याची प्रत कानाच्या केंद्राकडे जाते आणि ते केंद्र क्षणभर शांत होतं. दुसऱ्याचं वाक्य आयतं येतं. त्याची प्रत नसते. तेव्हा केंद्र शांत होत नाही."

आतापर्यंतचं सगळं जुनंच, असं त्या सांगत. नवी गोष्ट एवढीच सापडली होती की ही शांतता वाक्याबरोबर स्मृतीत राहते. वर्षांनंतर तेच वाक्य पुन्हा ऐकवलं, तर ज्यानं ते पहिल्यांदा रचलं त्याच्या मेंदूत त्या जागी पुन्हा एक छोटासा खड्डा पडतो. नटानं शंभर वेळा म्हटलं तरी त्याच्या मेंदूत पडत नाही, कारण त्याला ते तयार मिळालेलं असतं.

"आणि तुम्हाला काय आठवतं याच्याशी टोपीला काही घेणं नाही," त्या शेवटी म्हणत. "लोक मनापासून चुकीचं आठवतात. खोटं बोलणारे त्यामानानं फार कमी भेटतात मला."

या शोधानं घरोघरी जे झालं ते वेगळंच. विनोदी लेखकांची पंचाईत झाली. तीस वर्षं संसार केलेल्या एका जोडप्यानं, 'आपण लग्न करू या' हे आधी कोण म्हणालं ते तपासून घेतलं आणि दोघं माहेरी गेली, असं म्हणत. म्हणजे बाई माहेरी आणि बुवा बहिणीकडे.

०

चाचणीच्या आदल्या आठवड्यात केतकीचा फोन आला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"उन्मेष, दावा मागे घे. मी तुझं नाव लावते."

तो उभा होता तो खाली बसला. "म्हणजे कबूल आहे?"

"कबूल-बिबूल काही नाही. तो सीन आपल्या टेबलावरचा आहे. मी निर्मात्यांना सुरुवातीलाच सांगितलं होतं, ते म्हणाले वादात कशाला पडायचं, आणि मीही गप्प बसले. ते चुकलं माझं. आता लावते. पण टोपी नको."

"टोपी का नको?"

"नको म्हणून सांगतेय. सगळ्याच गोष्टी—"

"—सिद्ध करायच्या नसतात," तो म्हणाला.



"मी हे म्हणणार नव्हते," ती म्हणाली.

"मग काय म्हणणार होतीस?"

"जाऊ दे."

"ओजसला वाचवतेयस तू. टोपी बसली की कळेल, त्यात त्याचं किती आणि माझं किती. तो मुलाखतीत मिरवतो ना, गाडी बाजूला घेतली म्हणून."

"त्यानं गाडी बाजूला घेतली कारण त्याला गाडी लागते. स्वतः चालवताना गाडी लागणारा माणूस आहे तो." ती हसली असावी. फोनवर नीट कळलं नाही. "उन्मेष, एकदा ऐक माझं. नाव घे आणि गप्प बस."

"दान नको मला," तो म्हणाला. वाक्य चांगलं जमलं असं त्याला वाटलं, आणि त्या भरात त्यानं फोन ठेवला.

०

मंडळाची कचेरी अंधेरीला, एका डबिंग स्टुडिओच्या वर. आवाजबंद खोली तीच वापरायची. दोघांनी काचेच्या दोन कप्प्यांत बसायचं, डोक्यावर टोपी. समोरच्या पडद्यावर दोन पट्ट्या, वरची दावेदाराची, खालची प्रतिवादीची. वाक्यं एक यंत्र वाचणार, भावनाबिवना न घालता. मधूनमधून पेरलेली बिनकामाची वाक्यं.

मंडळाचे चिटणीस सावे चहाचा कप घेऊन कोपऱ्यात बसले होते. 'थोरल्या घरची'चे ते जुने चाहते. "तुम्हा दोघांना असं बघायचं म्हणजे..." एवढं म्हणून त्यांनी चहाचा घोट घेतला.

ओजस आला नव्हता. उन्मेषनं दोनदा दाराकडे पाहिलं. ज्या माणसाला दाखवायचं तोच नाही.

"गाडी चार वाजता येते," यंत्र म्हणालं. दोन्ही पट्ट्या सपाट.

"तू वाईट नाहीस रे. वाईट असतास तर मला राहता आलं असतं."

वरच्या पट्टीवर खड्डा पडला. स्वच्छ, चमच्यानं दह्यात पाडावा तसा. खालची पट्टी सपाट.

"भांडायला काहीतरी मिळालं असतं."

खड्डा.

"मी बोलायला लागले की तू माझं वाक्य पुरं करतोस."

खड्डा. उन्मेषनं काचेतून पलीकडे पाहिलं. केतकी पडद्याकडे बघतच नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती, दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसलेलं माणूस आतल्या माणसाकडे बघतं तशी. त्याला तिचा चेहरा पडलेला हवा होता. तो पडला नव्हता, म्हणजे ती नाटक करत असणार.

"पण इतक्या वर्षांत माझं एकही वाक्य माझ्या तोंडून पुरं झालेलं नाही."

खड्डा.

"बाईची सगळी वाक्यं दावेदाराची," डॉ. बागवान म्हणाल्या. "प्रतिवादीनं ती ऐकलेली आहेत. तिसऱ्या माणसाची काहीच खूण नाही. हिरेमठ, अभिनंदन."

सावे म्हणाले, "चला, मिटलं."

"मॅडम," कप्प्यातून केतकीचा आवाज आला, "शेवटचं वाक्यही लावा. नवऱ्याचं."

"ते दाव्यात नाही."

"माझी विनंती समजा. राहून जायला नको, तेही माझंच आहे असं पोस्टरवर छापलंय."

डॉक्टरांनी सावेंकडे पाहिलं, सावेंनी चहाकडे. यंत्र म्हणालं, "चल, जेवून घेऊ."

वरच्या पट्टीवर खड्डा पडला आणि पडतच गेला. आधीचे सगळे एकावर एक ठेवले तरी भरले नसते. डॉ. बागवान चष्मा वर करून पडद्याजवळ गेल्या.

"हेही तुमचंच. पण हे वेगळं आहे. खड्डा इतका खोल गेला म्हणजे वाक्य उत्स्फूर्त नव्हे. तोंडावाटे बाहेर येण्याच्या कितीतरी आधीपासून मनात तयार धरून ठेवलेलं."

"काहीतरीच," उन्मेष म्हणाला. "रोजचं वाक्य आहे ते. रोज म्हणायचो मी."

"रोजची वाक्यं उथळ असतात," डॉक्टर म्हणाल्या आणि टोप्या काढायला वळल्या.

०

बाहेर बोळात पाण्याच्या पिंपाजवळ केतकी पेला विसळत होती.

"जिंकलास," ती म्हणाली. "तू मागितलंस त्याच्यापेक्षा एक वाक्य जास्तच."

"ओजसनं नाही सांगितलं तुला?"

"काय?"

"जायला."

"ओजस?" आता ती हसली, आणि उन्मेषला दुसऱ्या खर्ड्यात अडलेला कंस आठवला. ती अशी हसते. आधी नाकातून. "त्याला स्वतःच्या आईला फोन कर म्हणून सांगावं लागतं. तो कुणाला काय सांगणार."

"मग कुणी—"

"पुरं कर की वाक्य. तुला येतं."

त्याला आलं नाही.

केतकीनं पेला पालथा ठेवला. "त्या दुपारी मला जायचंय हे मला ठाऊक नव्हतं, उन्मेष. नुसतं काहीतरी टोचायचं. काय ते सांगता येत नव्हतं. तू बाईच्या बाजूला बसलास आणि घडाघडा सांगितलंस. माझ्याही आधी सांगितलंस. मला वाटलं, याला सगळं कळतं तर. मी नवऱ्याच्या बाजूला होते. मला उत्तर द्यायचं होतं, तुझ्यासाठी. मी शोधलं रे. खरंच शोधलं. एक वाक्य सापडलं नाही."

पडद्यावरची ती लांबलचक शांतता, नव्या दिग्दर्शकाची समज वगैरे.

"मग वाटलं, आता हा बाजू बदलेल. नियम मोडेल, स्वतः बोलेल. मी वाट बघत होते. तू उठलास. म्हणालास, चल, जेवून घेऊ."

"शिट्टी झाली होती," तो म्हणाला. "तिसरी. नियम होता आपला."

"हो. नियम होता."

"तुला काय वाटलं, मुद्दाम—"

"मला काही वाटलं नाही. मी वरण वाढायला घेतलं. कच्चं होतं त्या दिवशी. दाणे दाणे लागत होते. तू तसंच खाल्लंस, एक शब्द न बोलता. आठवतं?"

"डाळ जुनी असेल."

"असेल," केतकी म्हणाली. पर्समधून तिनं रुमाल काढला, हात पुसले. "यासाठी टोपी नको म्हणत होते. तुला वाक्य तुझं आहे एवढंच बघायचं होतं. ते कुणाला उद्देशून होतं ते बघावं लागू नये, असं वाटत होतं मला. तू ऐकलं नाहीस, मग शेवटचंही मीच लावायला सांगितलं." मग ती जिना उतरायला लागली. अर्ध्या जिन्यातून म्हणाली, "सोलापूरला आईंना नमस्कार सांग. भाजीवालीला आता काय सांगतात त्या?"

०

पंधरा दिवसांत नाव लागलं. पडद्यावर आणि पोस्टरवर, दोन्हीकडे. 'शेवटच्या प्रसंगाचे संवाद : उन्मेष हिरेमठ.' केतकीच्या नावाखाली, ओजसच्या नावाच्या वर. मधे कुणी नाही. एका निर्मात्याचा फोन आला, बाईच्या तोंडचं असं लिहिणारा माणूस हवाच होता म्हणून. दुसऱ्याचा आला. यंत्रं तीन वर्षं भात खात होती आणि उन्मेष पेज, ते दिवस संपल्यासारखे दिसले. आईनं फोनवर विचारलं, मग आता केतकी परत येणार का? तो म्हणाला, आई, चित्रपटातलं विचारतेयस की घरातलं? आई म्हणाली, तुला वेगळं वाटतं का रे?

नाव बघायला तो त्याच चित्रपटगृहात गेला. टोपी न घालता. नाव शेवटी येणार होतं, अंधार झाल्यावर, पांढऱ्या अक्षरांत. तेवढ्यासाठी त्यानं अख्खा चित्रपट काढला. आता त्याला राग येत नव्हता. केतकीनं न सांगता केलेल्या जागा त्याला एकेक करून दिसत होत्या, आणि प्रत्येक जागी एक बाई काहीतरी सांगायला तोंड उघडते आणि कुणीतरी तिच्या आधी बोलतं, हेही दिसत होतं.

नटीनं टेबलावर किल्ली ठेवली. त्याची वाक्यं आली, एकामागून एक. कुठंही एक शब्द बदलावासा वाटला नाही.

मग नवरा गप्प झाला. कॅमेरा त्याच्यावर थांबला.

उन्मेष खुर्चीत सावरून बसला. मागे कुठेतरी पडदा सरकल्याचा आवाज झाला, कुणीतरी बाहेर गेलं. पडद्यावरचा माणूस तोंड उघडणार, इतक्यात उन्मेषनं खिशावर हात ठेवला. फोन आला नव्हता. तो कमरेत वाकून उठला आणि रांगेतल्या लोकांचे पाय चुकवत दाराकडे निघाला.

०

ज्या दुपारी तो प्रसंग टेबलावर खेळला गेला, त्या दुपारी कुकरच्या दोनच शिट्ट्या झाल्या होत्या.